आठशे बिबड्यांची नोट

अक्का, काल तुझ्या तेराव्याला, पाचोऱ्याच्या तुझ्याच अंगणात, सगळ्यांच्या देखत मी उभी राहिले आणि खरं सांगून टाकलं. ती नोट तू दिली नव्हतीस, मी दिली होती. एवढं बोलायला मला दीड वर्ष लागलं, आणि जिच्यासमोर बोलायला हवं होतं ती तोवर फोटोत जाऊन बसली होती. तू असतीस तर इतकंच म्हणाली असतीस, "बस खाले शालू, वरण थंड व्हई राह्यनं."

झालं असं, की पंगत बसायच्या आधी दिनेश तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभा राहिला. तुझा मुलगा बोलायला लागला की ठिबकच्या नळ्या विकतोय असंच एरवी वाटतं, पण काल बिचाऱ्याचा आवाज दर वाक्याला अडकत होता. पुढे काही सुचेना तेव्हा त्याने घरातला सगळ्यात लाडका किस्सा काढला. आई व्हिएतनामला गेली होती आणि तिथे तिने नारळपाण्याचे पाच लाख मोजले. लोक डोळे पुसता पुसता हसले. हा किस्सा निघाला की तू जे हसू चेहऱ्यावर आणायचीस, नेमकं तेच फोटोत होतं. मला ते बघवेना.

काल मी फक्त चूक सांगितली. बाकीचं सगळं आज तुला सांगते. तुला ते माहीतच आहे, पण स्वतःच्या पराक्रमाची गोष्ट ऐकायला तू कधी कंटाळली नाहीस.

तुला ते वेड लावलं मंगलच्या मोबाइलने. चैत्रातल्या उन्हात तुझ्या गच्चीवर तू आणि कामाच्या चौघी बिबडे थापत होता आणि मी जळगावहून आयती खायला आले होते. ज्वारीचा शिजवलेला घाटा, त्यात तीळ, लसूण, मिरची. ओल्या फडक्यावर पातळ थापायचा आणि खाटेवर वाळत टाकायचा. तीस वर्षं तू हेच करून विकलंस आणि त्यावर दिनेशला वाढवलंस. मंगल तुझ्याकडची सगळ्यात जुनी बाई. तिने व्हिडिओ लावला. कुठल्याशा देशात बायका वाफेवर तांदळाचे पापड काढत होत्या आणि बांबूच्या ताट्यांवर उन्हात पसरत होत्या. तू हात धुऊन आलीस, मोबाइल घेतलास, आणि तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "बठ्ठं आपलासारखंच शे. ज्वारीनी जागे तांदूय, इतलाच फरक." आणि मोबाइल परत देता देता, "माले तठे जानं शे."

सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. सहासष्ट वर्षांची सातवी पास बाई, घरापासून लांब म्हणजे सप्तशृंगी आणि एकदा उज्जैन, आणि निघाली व्हिएतनामला! मी तर एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते, मुंबई-दिल्ली पाहिलेली, त्यामुळे नाकाने कांदे सोलायचा अधिकार मला होताच. दिनेशने सहलीच्या कंपनीचं पत्रक आणलं. मराठी मॅनेजर, रोज पोळी-भाजी, सगळं छान. पण पैसे तुझ्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त, आणि पापडवाल्या बायकांचं गाव त्यात कुठेच नव्हतं. तू पत्रकाची घडी करून डब्याखाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मना पैसामा जासू, मना पैसामा येसू. शालू संगे शे."

दिनेशने वरून काही रक्कम जबरदस्तीने हातात दिलीच. अडीनडीला असू दे म्हणाला. तू त्याच्यासमोर ती एका पिशवीत घातलीस, तोंडाला लाल दोरा बांधलास, सात गाठी मारल्यास आणि सांगितलंस, "हाऊ दोरा सुटना ते मी हारनू. परत कधी नाव काढनार नही. नही सुटना, ते पुढली खेपले माले कोनी आडवानं नही." दिनेश म्हणाला, "कबूल." तेव्हापासून सगळं त्या दोऱ्यावर आलं.

मग तुझा हिशेब सुरू झाला आणि माझं डोकं फिरायला लागलं. खर्च वजा जाता शंभर बिबड्यांमागे तुझ्या हातात दोनशे रुपये राहायचे. तू जगातली प्रत्येक वस्तू त्यानेच मोजायचीस. विमानाचं तिकीट इतके हजार बिबडे, व्हिसा इतके, एका रात्रीची खोली सहाशे बिबडे. मी म्हणायची, अगं, परदेशात गेल्यावर असा गुणाकार करत बसलं की पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. तू म्हणायचीस की रुपये म्हटले की नुसता आकडा दिसतो, बिबडे म्हटले की किती सकाळी गेल्या ते दिसतं, मग माणूस उधळतही नाही आणि योग्य जागी हात आखडतही नाही. यावरचं आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. आज मान्य करते, तुझं बरोबर होतं. पण तुझा शब्द शेवटचा राहिला म्हणून फार खूश होऊ नकोस.

मुक्कामावरून तर आपण दोन दिवस बोलत नव्हतो. मोबाइलवर मी फार स्वस्त खोली शोधली होती. तू मला तीनच गोष्टी विचारायला लावल्यास. भाडं माणशी की खोलीचं? सकाळचं खाणं त्यात धरलंय का? बस थांबते तिथून किती लांब? खोली निघाली गावाबाहेर चार किलोमीटर. तू रिक्षाचं जाणं-येणं मांडलंस आणि माझी स्वस्त खोली तुझ्या महाग खोलीच्या वर गेली. शेवटी घेतलं ते लान नावाच्या बाईचं घर. दोन खाटांची खोली, वापरायला चूल, आणि पापडवाल्यांचं गाव चालत जाण्यासारखं. अर्धे पैसे आधी, अर्धे निघताना रोख.

भाषेचं मी मनावरच घेतलं नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. तू मात्र जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची कोरी बाजू घेतलीस. एका कार्डावर मासा, कोंबडी आणि त्यांच्यावर फुली. एकावर लानच्या घराचं चित्र. एकावर पोट धरून बसलेली बाई, ती म्हणे मी होते. आणि लानकडून मोबाइलवर त्यांच्या भाषेत तीच वाक्यं मागवून दिनेशकरवी प्रत्येक चित्राखाली चिकटवलीस. मी म्हटलं, हा काय बालवाडीचा तक्ता! तू म्हणालीस, "भाषा येत नही ते काय व्हयनं? हात ते शेत!" आणि दोन्ही हात माझ्यापुढे नाचवलेस.

पैसे बदलायचे होते तेव्हाचा तुझा तोरा मी विसरणार नाही. विमानतळावर मी सगळे डॉलर एकदम बदलायला निघाले होते, तू हात धरलास. बसभाडं आणि एक जेवण सुटेल इतकेच बदल, बाकीचं गावात विचारून. दुसऱ्या दिवशी लान आपल्याला कुठे घेऊन गेली? सराफाकडे! परवान्याची पाटी लावलेला सराफ, काचेत बांगड्या, आणि बाजूच्या खिडकीत परकीय नोटा बदलून मिळतात. तू पायरीवरच थांबलीस, कंबरेवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "मंग हाई ते जळगावच शे!" आणि मग तू आत अशी शिरलीस, की जणू गळ्यातली पोत तिथूनच घडवून घेतली होती. विमानतळापेक्षा भाव चांगला मिळाला. तू मागे वळून माझ्याकडे बघितलं नाहीस, पण तुझ्या पाठीवरूनच मला कळलं.

आता नोट. तिथे एका रुपयाला त्यांचे तीनशेच्या आसपास मिळतात, त्यामुळे हातात सगळी शून्यांची जत्रा. तू आठ दिवसांच्या आठ पिशव्या शिवून आणल्या होत्यास, पिठाच्या गोणीच्या कापडाच्या. रोजची पिशवी सकाळी माझ्या हातात यायची, कारण मी बँकेतली. एकतीस वर्षं मी नोटा बोटांनी आणि रंगावरून ओळखल्या, न बघता गड्डी मोजली, आणि त्याचा मला माज होता. चष्मा पर्समध्ये, पर्स खांद्यावर. नारळवालीने वीस हजार सांगितले, मी गप्पा मारता मारता निळी नोट काढून दिली. तिथे वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळीच असते. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसरा कोणीही नोट वाचून देतो. वाचायचं नाही हा दिमाख फक्त कॅशियरचा.

संध्याकाळी जेवणाआधी तू पिशवी मोजलीस. एकदा, दोनदा. मग अगदी हळू म्हणालीस, "शालू, आठशे बिबडे कमी शेत." तेव्हा मला नारळवालीला दिलेली निळी नोट आठवली. तेवढे गेले तर लानचे उरलेले पैसे पुरे पडत नव्हते आणि लाल दोरा सोडावा लागणार होता. मी म्हटलं, गेली नोट, कोण परत देतंय, दोरा सोडू आणि दिनेशला सांगूच नको, गाठी परत मारता येतात. तू माझ्याकडे जे पाहिलंस त्याने मला आपल्या माहेरच्या सोनगीरची आठवण झाली. लहानपणी किल्ल्यावर बसून तू मला चिंचोक्यांनी मोजायला शिकवायचीस, आणि मी एक चिंचोका मुठीत लपवला की अशीच बघायचीस. मग खालून जाणाऱ्या ट्रककडे बोट दाखवून विचारायचीस, हा कुठवर जात असेल गं? मोजणं मला तू शिकवलंस, अक्का. पुढे मला बँक मिळाली आणि तू सातवीतच थांबलीस, आणि हे मी तुला तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही.

सकाळी तू मला ओढतच नारळाच्या गाडीवर नेलंस. मी मोबाइल पुढे केला, भाषांतर केलं; त्या बाईने वाचलं आणि ती जास्तच गोंधळली. तू मला बाजूला सारलंस. गाडीवर वीस हजारांची एक निळी नोट ठेवलीस आणि शेजारी एक नारळ. मान डोलावलीस, हे बरोबर. मग पाच लाखांची निळी नोट ठेवलीस, तोच नारळ, आणि कपाळावर हात मारलास. मग माझा उजवा हात पकडून वर केलास, आणि सगळ्या रस्त्यासमोर त्या हातावर फाडकन चापट मारून, "हाई बठ्ठं हिनं कयं!" म्हणून ओरडलीस. ती बाई आधी दचकली आणि मग पोट धरून हसायला लागली. नारळात घालायच्या नळ्यांच्या डब्याखालून तिने घडी घातलेली नोट काढली. वेगळी ठेवली होती तिने. साडीचा पदर कसा असतो ते हाताने दाखवलं, एक जाडी आणि एक बारीक बाई दाखवली, आणि ती धावत मागे आली होती तेही दाखवलं. जाडी कोण यावरून आपण परत येईपर्यंत वाद घातला. तू तिच्याकडून आणखी दोन नारळ घेतलेस आणि तिच्या हातात बिबड्यांचं पाकीट ठेवलंस. लाल दोरा सुटला नाही.

आणि मग ते गाव! बांबूच्या ताट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, त्यांच्यावर पांढरे पापड, आणि तू त्यांच्यामधून लग्नाच्या मांडवात फिरावं तशी फिरत होतीस. चुलीपाशी एक आजीबाई बसली होती. तू थोडा वेळ तिचे हात पाहिलेस, मग पदर खोचलास, हात धुतलेस आणि तिच्याकडे मान हलवून विचारलंस. तिने जागा दिली. तुझा पहिला पापड फाटला. दुसरा फाटला. तिसरा काठीवरून अख्खा उतरला आणि चुलीभोवतीच्या सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी एकही शब्द भाषांतरित केला नाही. त्यांच्या निखाऱ्यांवर तू आपले बिबडे भाजलेस, त्यांनी मोडून वाटून खाल्ले, आणि त्यांच्या पापडातले तीळ पाहून तू मला हाक मारलीस, "देख शालू, तीळ बी शेत!" त्या दिवशी मला कळलं की आपल्या घरात सगळ्यात जास्त जग कोणाला कळतं.

परत आल्यावर तू ती पिशवी दिनेशच्या हातात ठेवलीस. सातच्या सात गाठी. त्याने त्या मोजल्या आणि तुझ्या पाया पडला. तू जिंकलीस, अक्का. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण भरीत-पुरीला सगळे जमले होते, आणि दिनेशने सहज विचारलं, "काहीच गडबड नाही झाली?" सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. एकतीस वर्षं नोटा मोजलेली कॅशियर नारळवालीला पाच लाख देते हे माझ्या तोंडून निघेना. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "झाली ना, अक्काने नारळवालीला पाच लाखांची नोट दिली." जो हशा उसळला! तू माझ्याकडे पाहिलंस, एकदाच. मग माझ्या ताटात आणखी भरीत वाढलंस. मी खाल्लं ते.

ती चूक तुझ्या नावावर चिकटली. गेल्या हिवाळ्यात तू पुन्हा निघायचं म्हणालीस, तेव्हा दिनेश प्रेमानेच म्हणाला, "आई, नोटा ओळखू येत नाहीत तुला, मागच्या वेळी नशीब होतं." त्याने कबूल केलेलं त्याला आठवलंच नाही. मी समोर चहा पीत होते. एक वाक्य बोलले असते तर तू गेली असतीस. तू म्हणालीस, "बरं, पुढल्या वर्साले देखू." पुढलं वर्ष तुला मिळालं नाही. रागावून तरी घ्यायचंस गं. एवढं कसं पोटात घातलंस?

काल मी बोलले तेव्हा दिनेश माझ्याकडे वळला. मला वाटलं आता तो मला जायला सांगेल, आणि सांगितलं असतं तर मी गेलेही असते. तो आत गेला आणि बिबड्यांचा डबा घेऊन आला. डब्याच्या तळाशी कागद होता, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तुझं अक्षर. तू गेल्यावर त्याला सापडला होता, आणि त्यातली एक ओळ त्याला कळत नव्हती. म्हणाला, "मावशी, आता कळली."

जॉर्डन, लिहिलं होतंस. तिथे बायका उलट्या तव्यावर कागदासारखी पोळी टाकतात, आपले खापरावरचे मांडेच. सहा जणी, आपण दोघी आणि कामाच्या चौघी. मुक्काम चूल वापरू देणाऱ्या घरात, बस थांबते तिथून जवळ. एक खोली तिघींची. तिकडचा एक दिनार आपल्या शंभराच्याही वर, म्हणजे आकडा लहान दिसला तरी भुलायचं नाही. भाषा: कार्डं मंगल काढेल, तिचा हात चांगला आहे. एकूण बिबडे किती, त्यातले थापून झाले किती, तेही मांडलं होतंस. अर्ध्याहून जास्त झाले होते. आणि सगळ्यात खाली:

पैसे शालूकडे. चष्मा लावून.

मी वाचलं आणि मला जे रडू आलं ते सगळ्या पाचोऱ्याने ऐकलं असेल. रडता रडता हसायलाही आलं, कारण 'चष्मा लावून'खाली तू दोन रेघा ओढल्या होत्यास. मंगलने डोळे पुसले आणि विचारलं, "मंग मावशी, उरेल बिबडे कधी थापाना?" दिनेशने खिशातून ती पिशवी काढली, लाल दोऱ्याची. त्याने ती कधी सोडलीच नव्हती, दुकानाच्या गल्ल्यात ठेवली होती. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आईला मी अडवलं. तुम्हा सहा जणींना नाही अडवणार." तुझ्या जागी सहावी कोण ते मी विचारलं. तो म्हणाला, त्याची बायको, तिलाही पोळी येते.

सोमवारी गच्चीवर पहिला घाटा चढेल. माझा बिबडा जाड होतो, मंगल मला ओरडेल, ते मी ऐकून घेईन. आणि आज सकाळी मी चष्म्याला दोरी आणायला बाजारात गेले होते, अक्का. गळ्यात अडकवायची, म्हणजे तो पर्समध्ये जाणार नाही. दुकानदाराने काळी दाखवली, मी लाल मागून घेतली.